पाणी काढून घेणारा कारखाना : खान्देशातील निर्जलीकरणाची गोष्ट

#धागा

जळगाव हे नाव आज देशभर ठिबक सिंचनाशी जोडले जाते. झाडाच्या मुळाशी थेंबाथेंबाने पाणी पोचवणाऱ्या नळ्या हीच या शहराची औद्योगिक ओळख झाली आहे. परंतु ज्या उद्योगसमूहातून या नळ्या आल्या, त्याचा पहिला कारखाना पाणी काढून घेण्यासाठी उभारलेला होता. १९७८ साली जळगावात केळीची भुकटी करणारा एक आजारी कारखाना ३० लाख रुपयांना विकला गेला. तो तेव्हा चौदा वर्षांचा होता. नव्या मालकाने त्यात केळीच्या जागी पपईचा चीक आणला. आजचा धागा या अदलाबदलीविषयी आहे. ती समजून घ्यायची तर इतिहासासोबत थोडे रसायनशास्त्र पाहावे लागेल. विज्ञान शाखेच्या मित्रांनी मधला भाग भरभर ओलांडला तरी चालेल.

प्रथम शब्दाचा घोळ सोडवू. मराठीत आपण ‘निर्जलीकरण’ हा एकच शब्द दोन वेगळ्या क्रियांसाठी वापरतो. पहिली क्रिया वाळवण्याची. कांद्याच्या पेशींत पाणी साठलेले असते, ते उष्णतेने वाफ होऊन निघून जाते. कांद्याचे रेणू बहुतांशी जसेच्या तसे राहतात, आणि म्हणूनच वाळलेला कांदा पाण्यात टाकला की पुन्हा फुगतो. दुसरी क्रिया खऱ्या अर्थाने रासायनिक. तेथे पाणी ‘पाणी’ म्हणून पदार्थात नसतेच. रेणूच्या एका टोकाचा हायड्रोजन आणि दुसऱ्या टोकाचा हायड्रॉक्सिल गट एकत्र येऊन पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि मागे एक नवा पदार्थ उरतो. त्यावर कितीही पाणी ओतले तरी पहिला पदार्थ सहजासहजी परत येत नाही.

या दुसऱ्या क्रियेचे पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणजे ईथर. जर्मन वैद्य व्हॅलेरियस कॉर्डस याने सोळाव्या शतकात, इ.स. १५४०च्या सुमारास, मद्यार्क आणि गंधकाम्ल एकत्र तापवून ‘गोड तेल’ मिळवण्याची कृती नोंदवली. मद्यार्काच्या दोन रेणूंमधून पाण्याचा एक रेणू निघाला की ईथर होते, हे स्पष्ट व्हायला मात्र १८५० साल उजाडावे लागले. ते श्रेय अलेक्झांडर विल्यमसन याचे. हेच मिश्रण अधिक तापवले, सुमारे १७० अंशांवर नेले, तर मद्यार्काच्या एकाच रेणूतून पाणी निघते आणि इथिलीन वायू मिळतो. इथिलीन लक्षात ठेवा. केळी पिकवणारा वायू तोच आहे आणि तो आपल्याला शेवटी पुन्हा भेटेल.

निसर्ग ही क्रिया गंधकाम्लावाचून करतो. ग्लुकोजचा एक रेणू दुसऱ्याला जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर टाकायचा, मग तिसरा जोडायचा, मग चौथा. अशी हजारो रेणूंची साखळी एका पद्धतीने गुंफली की स्टार्च होतो, दुसऱ्या पद्धतीने गुंफली की सेल्युलोज. कापसाचा तंतू म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. प्रथिनेही अशीच बनतात. फक्त तेथे ग्लुकोजच्या जागी अमिनो आम्ले असतात. या दृष्टीने पाहिले तर खान्देशाचे अर्थकारण कितीतरी काळ निर्जलीकरणाच्याच एका पदार्थावर उभे होते. १८६०च्या दशकात अमेरिकी यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, त्याच दशकात लोहमार्ग भुसावळपर्यंत आला, पुढे जळगावात आणि अमळनेरात सूतगिरण्या व कापडगिरण्या उभ्या राहिल्या. १९०६ मध्ये इंग्रजांनी खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, तेव्हा दोन्हीकडचे मुख्य नगदी पीक कापूसच होते. पूर्व खान्देश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. पश्चिम खान्देशाचा पुढे धुळे जिल्हा झाला, आणि त्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा निघाला.

वाळवणे हे तर येथल्या उन्हाचेच देणे आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो आणि हवेत ओलावा नावालाही नसतो. घरोघरी ज्वारीचे बिबडे आणि गव्हाच्या कुरडया याच दिवसांत होतात. नंदुरबारला आणि दोंडाईच्याकडे मिरचीच्या पथाऱ्या पडतात. लांबून पाहिले तर जमिनीवर लाल चादर अंथरल्यासारखे दिसते. सातपुड्याच्या पायथ्याला भिल्ल कुटुंबे मोहाची फुले वेचून वाळवून ठेवतात. ताज्या फुलात पाणी भरपूर, त्यामुळे ते लगेच आंबते. वाळले की साखरेचे प्रमाण वाढते आणि वर्षभर टिकते. हे ज्ञान कोणत्याही कारखान्याहून जुने आहे. त्याला निर्जलीकरण असे भारदस्त नाव कोणी दिले नाही, एवढेच.

या उन्हाच्या तंत्राने केळी मात्र हाती लागली नाही. पिकलेल्या केळात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. रावेर, यावल, सावदा, फैजपूर या तापी आणि सातपुडा यांमधील पट्ट्यात विहिरींच्या पाण्यावर केळीच्या बागा वाढल्या आणि रेल्वेने केळी उत्तरेला जाऊ लागली. सावदा, निंभोरा, रावेर या छोट्या स्थानकांवरून केळीचे डबे दिल्लीकडे निघत. डबा वेळेत मिळाला नाही, मार्गात थांबला किंवा पलीकडचा बाजार पडला, तर माल काळा पडे. घड एकदा कापला की शेतकऱ्याच्या हाती उरतात मोजके दिवस. ज्वारी भाव येईपर्यंत कणगीत थांबते आणि कापूस गंजीत; केळी कशातच थांबत नाही. केळीच्या पाण्याची ही किंमत आहे. तिच्या वजनाचा तीन चतुर्थांश भाग पाणी. त्याचे भाडे भरायचे आणि त्याच पाण्यामुळे माल सडण्याचे भयही बाळगायचे.

म्हणून १९६०च्या दशकाच्या मध्यात जळगावात केळीच्या भुकटीचा कारखाना निघाला, यात नवल नाही. त्यामागे जगाचाही एक अनुभव होता. क्रिमियाच्या युद्धात फ्रान्समध्ये वाळवून दाबलेल्या भाज्यांच्या वड्या सैन्याला पुरवल्या गेल्या. अमेरिकी यादवी युद्धातही सैनिकांना अशाच वड्या मिळत, आणि त्यांच्या चवीची सैनिकांनी यथेच्छ टवाळी केली. दुसऱ्या महायुद्धात जहाजांवर जागा अपुरी पडू लागली, तेव्हा पाणी वाहून नेणे परवडेना. वाळवलेला बटाटा, कांदा, अंडी आणि दूध यांचे प्रचंड कारखाने अमेरिकेत उभे राहिले. युद्ध संपल्यावर हे तंत्र नागरी बाजाराच्या शोधात होते. नाशवंत माल, लांबचा बाजार आणि वाहतुकीची अडचण ही तिन्ही कारणे केळीच्या पट्ट्यात हजर होती. कागदावर हिशेब चोख होता.

परंतु केळी हे वाळवायला कठीण फळ आहे. याचे कारण तिच्या पिकण्यात सापडते. कच्च्या केळात स्टार्च असतो. फळ पिकू लागते तसे त्यातील विकर, म्हणजे एंझाइम, पाण्याचा एकेक रेणू वापरून स्टार्चची साखळी तोडतात आणि साखर मोकळी करतात. निसर्गाने ज्या क्रियेने पाणी बाहेर काढून साखळी गुंफली, तिच्या नेमके उलट. पिकलेला गर साखरेने इतका भरलेला असतो की तो वाळवताना यंत्राच्या तप्त पत्र्याला चिकटतो. कशीबशी भुकटी झालीच तर ती हवेतील ओल शोषून घेते. पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर तिचा गोळा होतो. शिवाय सोललेले केळ हवेतील प्राणवायूने काळे पडते ते वेगळेच. कच्च्या केळाची भुकटी यापेक्षा सोपी, पण मग ती केळीच्या स्वादाची राहत नाही, पिठासारखी होते. आणि सर्वांत मोठा प्रश्न ग्राहकाचा. लहान मुलांचे खाद्य, बिस्किटे, माल्टयुक्त पेये एवढ्यांनाच तिचा उपयोग. ज्या देशात ताजे केळ गाड्यावर स्वस्तात मिळते, तेथे घरगुती गिऱ्हाईक भुकटीसाठी जास्तीचे पैसे का मोजील?

मला येथे थोडे थांबावेसे वाटते. बंद पडलेल्या कारखान्यांचा इतिहास आपल्याकडे सहसा लिहिला जात नाही. यशस्वी उद्योजकाच्या चरित्रात असा कारखाना एका ओळीत येतो आणि तीही ‘आजारी’ या विशेषणासह. ज्यांनी तो उभारला, केळीचा गर चिकटू नये म्हणून ज्यांनी खटपटी केल्या, त्यांच्या प्रयत्नातूनच जळगावात वाफेचे, वाळवणाचे आणि स्वच्छतेचे औद्योगिक ज्ञान पहिल्यांदा आले असणार. पुढच्या यशाच्या पायात हे अपयश भरलेले आहे, असे माझे मत आहे.

तो कारखाना विकत घेणारे भवरलाल हिरालाल जैन. जन्म १९३७, जामनेर तालुक्यातील वाकोद येथे. मुंबईत वाणिज्य आणि कायद्याचे शिक्षण झाल्यावर सरकारी नोकरीची संधी त्यांनी नाकारली आणि १९६३ साली कुटुंबाच्या सात हजार रुपयांच्या बचतीवर हातगाडीवरून रॉकेल विकण्याचा धंदा सुरू केला. पुढे शेतीला लागणाऱ्या वस्तूंच्या एजन्सी मिळत गेल्या. भुकटीचा कारखाना घेतल्यावर त्यांनी जो पदार्थ निवडला, तो होता पपेन.

पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातील विकर. हे नाव १८७९च्या सुमारास फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ अदोल्फ वुर्त्झ याने रूढ केले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याला मोठा ग्राहक मिळाला तो बिअरचा. बिअर थंड केली की त्यातील प्रथिनांमुळे गढूळ होते. पपेन ती प्रथिने तोडते आणि पेय नितळ राहते. या वापराचे अमेरिकी पेटंट १९११ मधले आहे. शिवाय मांस मऊ करणे, चामडे कमावणे आणि पाचक औषधे यांतही ते लागे. पुरवठा प्रामुख्याने सिलोन आणि पुढे पूर्व आफ्रिकेतून होई. मटण लवकर शिजावे म्हणून त्यात कच्च्या पपईची फोड टाकणाऱ्या आपल्या स्वयंपाकघरांना पपेनचा गुण माहीत होता, नाव माहीत नव्हते.

आता गंमत पाहा. पपेनचे काम काय? प्रथिनाच्या साखळीत पाण्याचा रेणू घालून ती तोडणे. म्हणजे निर्जलीकरणाने जे जोडले गेले, ते पपेन पाण्याच्या मदतीने सोडवते. पण पपेन स्वतःही एक प्रथिनच आहे! ओल्या चिकात ते आपल्याच भाईबंदांवर चालून जाते, हवेने बिघडते, त्यावर जंतू वाढतात आणि काही काळातच त्याची शक्ती ओसरते. त्याला वाचवायचे तर त्याचे हत्यार, म्हणजे पाणी, काढून घ्यायचे. परंतु फार तापवले तर विकराची घडी मोडते आणि ते कायमचे निकामी होते. त्यामुळे चीक साधारण ५५ अंशांच्या आत, मंद उष्णतेवर किंवा निर्वातात वाळवावा लागतो. त्याआधी त्यात सल्फाइट जातीचा क्षार मिसळतात, म्हणजे हवेतील प्राणवायू त्याला बिघडवीत नाही. लोखंडाचा स्पर्शही टाळतात. केळीच्या भुकटीत यश म्हणजे पाणी पूर्ण निघणे. पपेनमध्ये पाणी निघूनही रेणू जिवंत राहणे. दुसरे काम अधिक नाजूक असते, आणि त्याचे मोलही अधिक येते.

चीक काढण्याचे काम शेतात पहाटे होते. झाडावरच्या हिरव्या, पूर्ण वाढलेल्या पपईवर पातीने उभ्या, उथळ चिरा पाडतात; पांढरा चीक ठिबकतो, खाली धरलेल्या भांड्यात गोळा होतो, फळावर थिजलेला खरवडून घेतात. चारपाच दिवसांनी त्याच फळावर नव्या चिरा. हा चीक हाताला झोंबतो, कातडी सोलते. मजुरांच्या या बोटांची नोंद कोणत्याही निर्यात तक्त्यात सापडणार नाही. ढोबळमानाने पाच किलो चिकातून एक किलो कोरडा माल मिळतो, आणि शुद्ध केल्यावर त्याहून कमी. चिरा पडलेले फळ बाजारात खपत नाही. ते साखरेच्या पाकात जाते. दाट पाक फळाच्या फोडीतले पाणी ओढून घेतो आणि तिच्यात साखर शिरते. हेही निर्जलीकरणच, फक्त उष्णतेऐवजी साखरेने केलेले. केकमध्ये आणि मसाला पानात जी रंगीत टूटीफ्रूटी असते, ती बहुधा हीच पपई.

केळीची भुकटी आणि पपेन यांत नेमका फरक काय पडला? माझ्या मते पाणी काढल्यावर मागे काय उरते, हा. केळीतून पाणी काढले की उरते ती साखर आणि स्टार्च, आणि ते जगात इतरत्र याहून स्वस्त मिळतात. पपईच्या चिकातून पाणी काढले की उरतो असा रेणू, जो तेव्हा दुसऱ्या मार्गाने सहज मिळत नव्हता आणि ज्याच्यासाठी परदेशातील कारखाने थांबलेले होते. कारखाना पूर्वीचाच. पदार्थ बदलला आणि ताळेबंद बदलला. जळगावचे पपेन परदेशी जाऊ लागले. त्यानंतरची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल : १९८०च्या दशकात पीव्हीसी नळ्या, त्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन, आणि उतिसंवर्धनाने तयार केलेली ‘ग्रँड नैन’ केळीची रोपे. पाणी काढण्याच्या धंद्यातून पाणी जपण्याचा धंदा निघाला.

१९९०च्या दशकात हा समूह पुन्हा निर्जलीकरणाकडे वळला आणि या वेळी पीक होते कांदा. त्यासाठी आपला नेहमीचा लाल कांदा फारसा उपयोगी नसतो. त्यात विद्राव्य घन पदार्थ कमी; पाणीच जास्त. पांढऱ्या कांद्याच्या निवडक वाणांत ते १५ टक्के आणि त्याहून वर असतात. आठ-दहा किलो कांदा वाळवला की एक किलो चकत्या मिळतात, आणि त्यांत पाणी उरते जेमतेम ४-५ टक्के. वाणात दोन-तीन टक्के घन पदार्थ वाढले तर तेवढ्याच मालासाठी कितीतरी कमी पाणी उकळवावे लागते आणि इंधनाचा खर्च उतरतो. म्हणून कांद्याच्या निर्जलीकरणाचा इतिहास हा बराचसा बियाण्याचा इतिहास आहे.

कांद्याचा तिखटपणा ताज्या कांद्यात तयार नसतो, हेही जाता जाता सांगायला हवे. पेशी चिरली की एका कप्प्यातील विकर दुसऱ्या कप्प्यातील गंधकयुक्त पदार्थाला भेटते आणि मग डोळ्यांत पाणी येते. मंद उष्णतेवर नीट वाळवलेल्या कांद्यात या दोहोंचा काही भाग शाबूत राहतो. पाणी मिळाले की भेट पुन्हा घडते. पण भट्टी जास्त तापली तर वाळवणे आपली मर्यादा सोडते. कांद्यातील साखर आणि अमिनो आम्ले एकमेकांशी जोडली जाऊ लागतात, त्यांतून पाण्याचे रेणू बाहेर पडतात, आणि चकती तपकिरी होते. फ्रेंच वैद्य व रसायनशास्त्रज्ञ लुई मायार याने १९१२ मध्ये वर्णन केलेली ही अभिक्रिया. सुरुवातीला सांगितलेली दोन निर्जलीकरणे येथे एकाच ताटलीत भेटतात : एक हवे असलेले, एक नको असलेले. बिर्याणीवरच्या तळलेल्या कांद्यात मात्र आपण त्या दुसऱ्याचेच पैसे मोजतो.

शेतकऱ्याच्या बाजूने या धंद्याचे वेगळेपण होते करार शेतीत. पेरणीपूर्वी किमान भाव ठरवायचा, बियाणे आणि सल्ला द्यायचा आणि माल उचलायचा. ज्या पिकाचा भाव आठवड्यात अर्धा होतो, त्यात ही हमी मोठी. तरीही एक गोष्ट नजरेआड करू नये. पांढरा कांदा वाळवण्यासाठीच लावला, तर त्याला गिऱ्हाईक वाळवणाराच. देशातील या उद्योगाचे सर्वांत मोठे केंद्र गुजरातमधील महुवा; तेथेही कारखान्यांची मागणी घटली की पांढऱ्या कांद्याच्या ढिगांचा भाव कोसळतो. पाणी काढून टिकाऊपणा येतो, पण तो कारखान्याच्या गोदामात. शेतातल्या कांद्याचे पाणी शेतातच असते.

आता पश्चिमेला, धुळे जिल्ह्यातील दोंडाईच्याला येऊ. येथे १९७०च्या दशकापासून मक्याच्या स्टार्चचा कारखाना आहे, युनिव्हर्सल स्टार्च-केम अलाइड. येथले रसायनशास्त्र जळगावच्या उलट दिशेने चालते. मक्याच्या दाण्यातील स्टार्च वेगळा करायचा आणि मग आम्लाच्या किंवा विकरांच्या साहाय्याने त्यात पाणी परत घालून साखळी तोडायची. मिळतो द्रव ग्लुकोज. तो आटवून थंड केला की स्फटिक होतात आणि प्रत्येक रेणूसोबत पाण्याचा एक रेणू स्फटिकात अडकून बसतो. औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोजची पांढरी पूड बहुधा हीच. कोरडा स्टार्च किंचित आम्ल घालून भाजला तर तिसराच पदार्थ होतो, डेक्स्ट्रिन : साखळ्या आधी तुटतात, मग पाणी सोडून नव्या फांद्यांनी जोडल्या जातात. पाकिटांचा डिंक त्याचाच. आणि साधा स्टार्च म्हणजे गिरण्यांची खळ, जी सुताला ताठपणा देते. कापूस आणि खळ, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या, एकमेकांना धरून मागावर चढत आल्या आहेत.

राहता राहिली केळी. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. टूटीफ्रूटी, वेफर्स, भुकटी, प्युरी असे सगळे प्रयोग पट्ट्यात कोठे ना कोठे चालू आहेत, तरी बहुतेक घड आजही पाण्यासकट, कच्चेच, ट्रकमध्ये चढतात आणि दूरच्या शहरात इथिलीनच्या खोल्यांत पिकतात. ज्या वायूसाठी कारखान्यात मद्यार्कातून पाण्याचा रेणू काढावा लागतो, तो केळ स्वतःच सोडते. व्यापारी फक्त त्याचे वेळापत्रक ठरवतो. भुकटीचा कारखाना ज्या प्रश्नासाठी उभा राहिला होता, तो प्रश्न आजही रोज सकाळी रावेरच्या आणि बऱ्हाणपूरच्या बोर्डभावात लिहिलेला असतो : कापलेला घड किती दिवस थांबेल, आणि त्या दिवसांत भाव कोण ठरवील.

पुढच्या धाग्यात अमळनेरच्या प्रताप मिलविषयी लिहीन. तुमच्या गावी बंद पडलेला एखादा प्रक्रिया कारखाना असेल, तर त्याचे नाव आणि तो काय बनवत होता, हे खाली अवश्य लिहा.